उंदराला फिट आली हे कळतं कसं?

प्रश्न : माझी भाची फार्मसीला आहे, ती म्हणते लॅबमध्ये उंदरांच्या मेंदूचं रेकॉर्डिंग दिवसरात्र चालतं, आठवडेच्या आठवडे. आमच्या पोराचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, तर अर्ध्या तासात उरकला, मग उंदराचं एवढं कशाला? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, फिट काय वेळ सांगून येते का! अभ्यासासाठी मुद्दाम फिट आणणारी पायलोकार्पिन नाहीतर काइनिक ॲसिड ही रसायनं दिली की उंदराला आधी मोठा झटका येतो, मग बरेच दिवस सगळं शांत, आणि नंतर आपोआप फिट्स सुरू होतात, त्याही कधी लागोपाठ तर कधी कितीतरी दिवस एकही नाही, मग अर्धा तास बघून काय हाती लागणार. भूल देऊन कवटीला मेंदूतल्या लहरी टिपणारे बारीक स्क्रूचे इलेक्ट्रोड बसवतात, सोबत कॅमेरा, कारण उंदीर नुसता काहीतरी कुरतडत असला तरी ग्राफवर लाटा उठतात न् फिटच वाटते. उलट कधी उंदीर गप्प बसलेला आणि मेंदूत मात्र आपल्या यंत्रमागासारखी खडखड! ही गंमत नुसत्या डोळ्यांनी दिसतच नाही. दिसणाऱ्या फिट्स किती जोराच्या हे ठरवायला रॅसीन या संशोधकाची १९७२ ची पाच पायऱ्यांची मोजणी अजून चालते. आणि हो, पोराला फिट आली तर चप्पल-कांदा हुंगवू नका, कुशीवर वळवा, पाच मिनिटांच्या वर गेली तर सरळ दवाखाना गाठा.