चेहरा शेवटी बघ

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझी रेखाटने मिळाली. हात चांगला आहे, पण सगळी चित्रे समोरून काढलेली आणि प्रत्येक चित्र चेहऱ्यापासून सुरू झालेले. प्राचीन इजिप्तचा पुतळा वाचायचा असेल तर हा क्रम उलटा कर. आधी मागे जा, मग बाजूला ये, पायथा बघ, आणि चेहरा शेवटी. कैरोच्या संग्रहालयातला खाफ्रे राजाचा पुतळा आठव. त्याच्या डोक्यामागे पंख पसरून बसलेला ससाणा, म्हणजे होरस देव, समोरून दिसतच नाही. समोर ठाण मांडून चित्र काढणाऱ्याच्या हाती राजा लागतो, देव निसटतो.

वहीत पहिली ओळ दगडाची असू दे. पाटीवरचे नाव उतरवून घे, पण त्यावर विसंबू नकोस. काळा, कठीण दगड दिसला की ‘बेसाल्ट’ लिहून मोकळे व्हायचे, अशी जुनी रीत होती. रोझेटा शिळासुद्धा वर्षानुवर्षे बेसाल्ट म्हणून मिरवली; ती ग्रॅनोडायोराइट निघाली. दगड बघायचा तो तुटलेल्या कडेवर, हात लागून लागून तुकतुकीत झालेल्या भागावर नव्हे. काळ्या जमिनीत फिकट स्फटिक वेगवेगळे दिसले तर ग्रॅनोडायोराइट. गुलाबी, ठसठशीत स्फटिक असतील तर बहुधा अस्वानचा ग्रॅनाइट. हिरवट करडा, एकजिनसी, कण डोळ्यांना सुटे न दिसणारा असेल तर ग्रेवॅक. साखरेसारखे कण आणि पिवळसर ते लाल रंग म्हणजे क्वार्टझाइट. चुनखडी आणि वालुकाश्म ओळखायला तुला माझी गरज नाही.

दगडावर एवढा भर का, तर पुतळ्याचा आकार अर्धा दगडानेच ठरवलेला असतो. काठिण्याच्या १० अंकी मोजपट्टीवर तांबे ३च्या आसपास, ग्रॅनाइटमधले क्वार्ट्झ ७. तांब्याच्या छिन्नीने चुनखडी छान कापली जाते, ग्रॅनाइटवर मात्र ती बोथट होते. म्हणून ग्रॅनाइट कापत नसत, ठेचत असत, डोलेराइट या कठीण दगडाच्या गोट्यांनी. कापायचाच असेल तर तांब्याच्या करवतीखाली वाळू टाकत. खरे काम वाळू करी, तांबे फक्त तिला दाबून धरी. पोकळ नळीचा गिरमिटही असाच चाले. खुफू राजाच्या पिरॅमिडमधल्या ग्रॅनाइटच्या शवपेटीवर दोन्हींच्या खुणा आहेत, आणि करवत भलतीकडे खोल गेल्यावर ती मागे घेऊन पुन्हा लावल्याचेही दिसते. अशा चुका शोधायची सवय लाव, त्या सफाईपेक्षा जास्त बोलतात.

आता हात आणि कंबर यांच्या मधली जागा बघ. कठीण दगडात ती बहुधा भरीव ठेवलेली असते, पुढे टाकलेला डावा पाय मागच्या दगडाला जोडलेला असतो आणि पाठीला उभा खांब असतो. ‘इजिप्तच्या मूर्ती ताठर’ असे वाचशील तेव्हा का-आपेर नावाच्या माणसाचा लाकडी पुतळा समोर ठेव. तोही खाफ्रेसारखा जुन्या राज्यकाळातला, म्हणजे पिरॅमिडांच्या काळातला, तोही कैरोत. त्याचे हात वेगळे घडवून खुंट्यांनी जोडलेत, अंग मोकळे आहे, पाठीला खांब नाही. घडवणाऱ्यांना मोकळे अंग येत नव्हते असे नाही. दगडात त्यांनी भरीवपणा राखला, कारण मूर्ती कायम टिकायला हवी होती आणि पातळ सुटा भाग आधी तुटतो. पाठीच्या खांबाला जोड मजकुराचाही आहे. नाव आणि पदव्या तिथेच कोरलेल्या सापडतात. म्हणून मागे जा म्हणतो.

पुतळा कसा घडला हे पूर्ण झालेल्या मूर्तीत कळत नाही, कारण शेवटची घासाई सगळे पुसून टाकते. अपुरी कामे शोध. गिझ्यात मेनकौरे राजाच्या मंदिरात उत्खनन करणाऱ्या रायझनरला अशा मूर्ती सापडल्या की त्या ओळीने मांडल्या तर ठोकळ्यापासून घासाईपर्यंतचे टप्पे दिसतात. दगडावर लाल गेरूच्या रेघा मारायच्या, त्या रेघांपर्यंत दगड उतरवायचा, रेघा गेल्या की पुन्हा मारायच्या. ठोकळ्याच्या पुढच्या आणि बाजूच्या तोंडावर आकृती काढून दोन्हीकडून आत येत गेल्यामुळेच पुतळा समोरून आणि बाजूने नेमका दिसतो, तिरका पाहिला की थोडा चौकोनी वाटतो. बोस्टनला मेनकौरे आणि राणीचे जे जोडशिल्प आहे त्यात चेहरे घासून तुळतुळीत केलेत आणि खालचा भाग तसाच राहिलाय. तिथे अर्धा तास काढ. अस्वानच्या खाणीतला अर्धवट ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडाचा निमुळता खांब, तर सुमारे ४२ मीटर लांब. त्याला तडे गेले आणि सगळी मेहनत जागेवर सोडावी लागली. ठेचून काढलेल्या चरांच्या तळाशी वाट्यांसारखे खळगे ओळीने दिसतात.

प्रमाण तपासायची पद्धत सांगतो, कारण इथे सगळे घसरतात. उभ्या आकृतीत तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत सारख्या चौकोनांची जाळी कल्प आणि उंचीला १८ चौकोन धर. गुडघा ६व्या रेषेवर, नितंबांची खालची कड ९व्या, मान आणि खांदा जुळतात ती जागा १६व्या. बसलेल्या आकृतीला १४. चौकोनाचे माप म्हणजे मूठ. आपल्या मूर्तिकलेतल्या तालमानात, म्हणजे प्रमाणांच्या पद्धतीत, चेहऱ्याची लांबी हे माप असते, त्याची आणि याची सरमिसळ करू नकोस. पहिली चूक होते ती मुकुटासकट उंची मोजण्याची. केसांची रेषा हे टोक धरायचे कारणच मुकुट बदलत राहतात. दुसरी चूक काळाची. जुन्या राज्यकाळात पूर्ण जाळी नव्हती, काही मोजक्या आडव्या रेघा असत. अखनातेन राजाच्या काळात चौकोन २० झाले. प्राचीन इजिप्तच्या उत्तरकाळात तळपायापासून वरच्या पापणीपर्यंत २१. सगळ्यांवर १८ लादलेस की मूर्ती ‘चुकीची’ दिसेल आणि दोष तुझ्या जाळीचा असेल. तिसरी चूक फोटोची. जवळून काढलेल्या फोटोत पाय आखूड आणि डोके मोठे होते, किंवा उलट. उंचीच्या चारपाच पट अंतरावर उभा राहा, कॅमेरा मूर्तीच्या मध्यावर आण, झूम वापर. जाळी आधी भिंतीवरच्या चित्रांवर आणि उठावशिल्पांवर लावून बघ, ती मुळात तिथली आहे.

भिंतीवरच्या शिल्पांना उजेडाची वेळ साधावी लागते. बाहेरच्या भिंतींवर आकृती आत खोदलेली असते, कडक उन्हात तिच्या कडेला काळी सावली पडते. आतल्या अंधाऱ्या दालनांत उठाव असतो. उठाव पाहायला तिरपा उजेड हवा, समोरून मारलेला झोत सगळे सपाट करतो. संग्रहालयात विजेरी लावायची ती विचारूनच.

नाव कोरलेले आहे म्हणून मूर्ती त्याच राजाची, असे लगेच लिहू नकोस. दुसऱ्या रामसेसने तिसऱ्या आमेनहोटेपचे कितीतरी पुतळे स्वतःच्या नावावर करून घेतले. राजाच्या नावाच्या लंबगोल चौकटीभोवतीची जमीन जरा खोलगट आहे का, अक्षरांच्या तळाशी जुन्या चिन्हाची रेघ उरली आहे का, चौकटीबाहेरच्या मजकुराची कोरणी निराळी आहे का, हे बोटाने नव्हे, डोळ्यांनी तपास. रामसेसच्या काळातली अक्षरे इतकी खोल आहेत की ती खोडून वर दुसरे लिहिणे जिकिरीचे.

आणि नाकांबद्दल. स्फिंक्सचे नाक नेपोलियनच्या तोफांनी उडवले ही लोणकढी थाप आहे. नॉर्डन या डॅनिश प्रवाशाने १७३७मध्ये काढलेल्या चित्रातही नाक नाही, आणि नेपोलियन आला १७९८मध्ये. पुतळा पालथा पडून नाक जाऊ शकते, मान्य. पण भिंतीवरच्या सपाट आकृतीचे नाक तेवढेच गेलेले असेल तर तो अपघात नाही, कुणीतरी मूर्तीचा श्वास बंद केलेला आहे. तुटीच्या कडेला छिन्नीचे घाव दिसतात का बघ, आणि हातही मोडला असेल तर कोणता ते लिही.

पुढच्या पत्रात चित्र एकच पाठव, मेनकौरेच्या जोडशिल्पाच्या खालच्या भागाचे. चांगल्या फोटोवरून काढलेस तरी चालेल. घासलेला भाग कुठे थांबतो ती रेषा लाल पेन्सिलीने आख. ती सरळ नाही.

तुझा,
शुभचिंतक