बरे दिसते म्हणजे बरे झाले का? : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

या वेळच्या पत्रांतले आजार वेगवेगळे असले, तरी बहुतेक पत्रे येऊन थांबतात ती एकाच ठिकाणी : जनावर खाऊ-पिऊ लागले आहे, मग आता औषध बंद करावे का? म्हणून तीच पत्रे आधी घेतली आहेत.

प्रश्न : आमचा पाच वर्षांचा गावठी कुत्रा तीन-चार दिवस जेवला नाही, अंगात ताप होता आणि एके सकाळी त्याचा घोळणा फुटला. तपासणीत प्लेटलेट्स 38,000 निघाल्या. डॉक्टरांनी गोचीडतापाचे निदान करून डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या 28 दिवस द्यायला सांगितल्या. आठवड्याभरात तो पूर्वीसारखा जेवू लागला. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात की एवढ्या गरम गोळ्या पुरेत, आता पपईच्या पानांचा रस द्या. मागच्या पावसाळ्यातही त्याला हाच आजार झाला होता. काय करावे?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : गोळ्या अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत चालूच ठेवा. या तापाचा जीवाणू, एर्लिकिया कॅनिस, रक्तातील पांढऱ्या पेशींच्या आत दडून राहतो. डॉक्सीसायक्लिन सुरू केल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत ताप उतरतो आणि भूक परतते, कारण जीवाणूची वाढ थांबलेली असते. तो संपलेला मात्र नसतो. औषध अर्ध्यावर सोडले तर उरलेले जीवाणू प्लीहेत महिनोन् महिने मुक्काम ठोकू शकतात, कुत्रा वरून ठणठणीत दिसतो, आणि काही कुत्र्यांत पुढे रक्त तयार करणारी अस्थिमज्जाच निकामी होते. त्या टप्प्यावर रक्त चढवूनही कुत्रा हाती लागेलच असे नाही. मागच्या पावसाळ्यात गोळ्या किती दिवस दिल्या होत्या, हे तुम्ही लिहिलेले नाही; ते आपल्या डॉक्टरांना जरूर सांगा.

निरोगी कुत्र्याच्या एक मायक्रोलिटर रक्तात साधारण दोन ते पाच लाख प्लेटलेट्स असतात, त्यामुळे 38,000 हा आकडा हलक्याने घेण्यासारखा नव्हे. पोटाच्या खालच्या बाजूला, जिथे केस विरळ असतात, तिथे जांभळट ठिपके उठले आहेत का ते रोज उजेडात पाहा. हिरडीवर बोट दाबून सोडले की गुलाबी रंग दोन सेकंदांच्या आत परत यायला हवा. हिरडी मुळातच पांढरीफटक असेल किंवा लघवी गडद तपकिरी होत असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा, कारण हीच गोचीड बबेसिया नावाचा दुसरा परजीवीही कुत्र्याच्या अंगात सोडते, तो तांबड्या पेशी फोडतो आणि त्याच्यावर एकटे डॉक्सीसायक्लिन पुरे पडत नाही. त्याची औषधे वेगळी असतात आणि ती काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच ठरवावी लागतात.

गोळी दुधातून किंवा पेढ्यात घालून देण्याची पद्धत घरोघरी आहे. ती सोडा, कारण दुधातील कॅल्शियममुळे हे औषध अंगात कमी शोषले जाते. भाताच्या किंवा शिजवलेल्या चिकनच्या घासात द्या, उपाशीपोटी देऊ नका. पपईच्या पानांच्या रसाने हा जीवाणू मरत नाही. त्या कडू रसाने कुत्रा ओकतो आणि ओकारीबरोबर मोलाची गोळीही बाहेर पडते, हे मात्र मी पुष्कळदा पाहिले आहे. कोर्स संपल्यावर झटपट किटने पुन्हा तपासणी करून घाबरून जाऊ नका; रक्तातील प्रतिपिंडे बरे झाल्यानंतरही कित्येक महिने टिकतात आणि किट तीच दाखवते. त्याऐवजी प्लेटलेट्सची मोजणी करून घ्या.

आजार पुन्हा येण्याचे कारण बहुधा तुमच्या घरातच आहे. रक्त पिऊन फुगलेली मादी गोचीड कुत्र्याच्या अंगावरून उतरते, भिंत चढते आणि फटीत शिरून एका वेळी हजारो अंडी घालते. गिलावा नसलेल्या चिऱ्यांच्या भिंती, सोप्याच्या कडा आणि कुत्र्याच्या गोणपाटाची घडी या तिच्या आवडत्या जागा. केवळ कुत्र्याला आंघोळ घालून हे आटोपत नाही. फटी बुजवा, अंथरूण उकळत्या पाण्यातून काढा, आणि कुत्र्याला फ्लुरालेनरसारखी गोचीडनाशक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने बारा महिने ठरल्या वेळी द्या. घरात मांजर असेल तर कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिन असलेले कोणतेही औषध वापरू नका. मांजराला ते जीवघेणे ठरते.

प्रश्न : आमच्या दहा महिन्यांच्या मांजरीचे पोट फुगले, ताप हटेना. पोटातून पिवळसर, चिकट पाणी निघाले आणि एफआयपीचे, म्हणजे मांजरांतील कोरोनाविषाणूच्या घातक रूपामुळे होणाऱ्या आजाराचे निदान झाले. पूर्वी याला इलाज नव्हता, आता बारा आठवड्यांचे औषध आहे, असे डॉक्टर म्हणतात. खर्च मोठा आहे. करावा का? घरात आणखी दोन मांजरे आहेत.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : डॉक्टर म्हणतात ते खरे आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत या निदानानंतर आम्ही मांजराचे उरलेले दिवस सुखाचे जावेत एवढेच पाहत असू. जीएस-441524 या औषधाने ते चित्र पालटले. माणसांना कोविडमध्ये दिलेले रेमडेसिव्हिर शरीरात गेल्यावर याच द्रव्यात रूपांतरित होते. 2019 साली कॅलिफोर्नियातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 31 मांजरांपैकी 26 मांजरांनी बारा आठवड्यांचा उपचार पूर्ण केला आणि त्यांतील बहुतेक वाचली. काहींचा आजार उलटला, तेव्हा त्यांना पुन्हा औषध द्यावे लागले. जी दगावली ती प्रामुख्याने सुरुवातीच्या दिवसांत, म्हणजे ज्यांचा आजार आधीच फार पुढे गेला होता ती.

म्हणून खर्च करायचाच असेल तर आज करा, पंधरा दिवस विचार करून नव्हे. आणि पूर्ण कोर्स झेपणार नसेल तर तसे डॉक्टरांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पोटात पाणी साचलेल्या काही मांजरांत सहा आठवड्यांचा कोर्सही पुरेसा ठरल्याचे अलीकडे दिसले आहे, पण तो निर्णय रक्ततपासण्या पाहून डॉक्टरांनी घ्यायचा. पोट उतरले म्हणून घरच्यांनी नव्हे. मांजरीचे वजन दर आठवड्याला करा. बरी होऊ लागलेली मांजरी भराभर वजन धरते, आणि मात्रा वजनावर ठरत असल्याने जुनीच मात्रा चालू ठेवली तर औषध अपुरे पडते. चाल अडखळली, डोळ्यांत गढूळपणा आला तर लगेच कळवा, कारण मेंदूत किंवा डोळ्यांत शिरलेल्या आजाराला मात्रा वाढवावी लागते. हे औषध ओळखीतून, बिनलेबलच्या बाटलीत मिळत असेल तर घेऊ नका.

दुसऱ्या दोन मांजरांची फारशी चिंता नको. मूळचा कोरोनाविषाणू मांजरांत विष्ठेतून पसरतो आणि एकत्र राहणाऱ्या बहुतेक मांजरांना तो झालेलाच असतो. त्याचे घातक रूपांतर मोजक्याच मांजरांच्या शरीरात घडते. 2023 साली सायप्रसमध्ये थेट पसरणारा प्रकार आढळला होता, पण तो अपवाद. शौचाचे तबक रोज साफ ठेवा.

प्रश्न : किनाऱ्यावरच्या आमच्या शॅकजवळ राहणाऱ्या कुत्र्याच्या लघवीच्या जागेतून रक्त ठिबकते, तिथे फुलकोबीसारखी गाठ आहे. कॅन्सर आहे म्हणतात. दोन इंजेक्शनांनंतर रक्त थांबले. आता त्याला पुन्हा पकडून न्यावे का?
— एक वाचक, कळंगुट

उत्तर : न्यावेच. हा समागमातून पसरणारा कॅन्सर आहे. एका कुत्र्याच्या गाठीतील जिवंत पेशीच दुसऱ्याच्या अंगात रुजतात. माणसाला तो होत नाही. कॅन्सर हा शब्द ऐकून लोक हात टेकतात, पण उपचारांना इतका चांगला प्रतिसाद देणारे कॅन्सर थोडेच असतील. व्हिन्क्रिस्टिनची आठवड्याला एक, अशी साधारण चार ते सहा इंजेक्शने लागतात आणि बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. रक्त थांबले तरी गाठ मुळापासून गेलेली नसते. प्रत्येक इंजेक्शनापूर्वी पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात, आणि औषध शिरेबाहेर सांडले तर कातडी जळते, म्हणून ते दवाखान्यातच द्यायचे. उपचार संपल्यावर त्याचे निर्बीजीकरण करून घ्या.

प्रश्न : गोव्यातून रेबीज गेला असे ऐकतो. मग कुत्र्याला दरवर्षी लस कशाला?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : 2021 साली गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाले, रेबीजमुक्त नव्हे, आणि तेही दारोदारी फिरून, जाळ्याने कुत्रे पकडून वर्षानुवर्षे टोचलेल्या लसींमुळेच. तुमच्या तालुक्याला लागूनच सिंधुदुर्ग आहे आणि कुत्र्यांना राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर कुत्र्यातही उपचार नाही. लस चुकवू नका. कुत्रा चावला किंवा त्याचा दात लागून ओरखडा उठला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. तिथे सुरू झालेल्या लसीचे सर्व डोस ठरल्या तारखांना घ्या.