व्हिडिओ हजारो जण पाहतात, पण प्रतिक्रिया कोणीच लिहीत नाही, असे का?

पाण्याची मोटार दुरुस्त कशी करावी हे दाखवणाऱ्या आपल्या व्हिडिओंना हजारो प्रेक्षक मिळतात, पण प्रतिक्रिया पाच-सहाच येतात, याचे कारण आपण विचारले आहे. मी सोलापुरात एक छोटे यूट्यूब चॅनेल चालवतो, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

आधी एक तांत्रिक बाब तपासावी. व्हिडिओ ‘मुलांसाठी’ म्हणून नोंदवला गेला असेल, तर जानेवारी २०२० पासून यूट्यूब त्याखाली प्रतिक्रियांची सोयच ठेवत नाही.

तसे नसेल, तर माझे दोन व्हिडिओ पाहा. सोलापुरी चादरीवरच्या व्हिडिओसाठी मी आठवडाभर मागांच्या खडखडाटात उभा राहिलो आणि सुताच्या रंगणीपासून जेकार्डवरील (मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रावरील) नक्षीपर्यंत सर्व काही नीट समजावून सांगितले. त्याखाली ‘छान माहिती’ याच्यापुढे कोणी गेले नाही. शेंगाच्या चटणीच्या व्हिडिओत मात्र मी शेंगदाणे मिक्सरमध्ये फिरवले, आणि चटणी उखळात कुटल्याशिवाय तिला तेल सुटत नाही, हे सांगायला निम्मे गाव धावून आले. (त्यांचे म्हणणे खरेच होते.) चादर सगळ्यांनी पांघरलेली असते, पण माग थोड्यांनीच चालवलेला असतो, चटणीची रीत प्रत्येक घराची स्वतःची असते आणि ती एका ओळीत सांगता येते. ज्याच्यापाशी स्वतःचे काही सांगण्यासारखे आहे, आणि ते सांगायला व्हिडिओत जागा उरली आहे, तोच प्रेक्षक लिहितो.

चूक केली की दुरुस्ती करणारे हमखास येतात. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेवर बोलताना मी मिरवणुकीतले नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) सातऐवजी पाच म्हणालो, तेव्हा याचा पुरेपूर अनुभव आला. परंतु मुद्दाम चुका करू नयेत, कारण पुढच्या वेळी खऱ्या माहितीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आपला प्रेक्षक मोटार उघडून बसलेला असतो, त्याचे हात ग्रीसने माखलेले असतात. काम झाले की तो निघून जातो, आणि शेवटी केलेली ‘कॉमेंट करा’ ही विनंती ऐकायला तो थांबलेलाच नसतो. म्हणून प्रश्न मध्येच आणि नेमका विचारावा. चादरीच्या दुसऱ्या व्हिडिओत मी मध्येच विचारले, ‘तुमच्या घरातली सर्वांत जुनी चादर कोणाच्या लग्नात आली?’ त्याची उत्तरे अजून येत आहेत. आपणही मोटार उघडतानाच विचारून पाहा की, ती पहिल्यांदा जळाली तेव्हा घरात पाणी किती दिवसांआड येत होते.