भांड्यातलं पाणी मोज

तुझा मेसेज दोनदा वाचला. कॉलऱ्याची लस येतीये, मग घरोघर पाणी तपासणारी टीम कशाला असं तुला वरून विचारतायत आणि तुलाही ते पटायला लागलंय. लस दे, त्यावर वादच नाही, पण तिच्या जोरावर टीम बंद केलीस तर मी खरंच चिडेन. दोन डोस घेतले तर संरक्षण साधारण तीन वर्षं, लहान मुलांना त्याहून कमी, आणि २०२२ पासून तुटवड्यामुळे साथीत एकच डोस देतायत म्हणजे मुदत अजून आखूड. तेवढ्या मुदतीत पाणी सुधारायचंय आपल्याला.

आणि पाणी म्हणजे टाकीतलं नाही गं, घरात भरून ठेवलेल्या भांड्यातलं. टाकीवर क्लोरीन लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम आला की आपण खूश, पण पुढे पाण्याची लाइन फुटकी असते, दाब गेला की गटाराचं पाणी आत ओढलं जातं, त्यात क्लोरीन संपतो, वर घरात कुणीतरी हात बुडवून पाणी काढतं. भांड्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरलाय का ते बघ, बाकी आकडे मग सांग.

मला हे उशिरा कळलं. एका साथीत मी रोज टाकीचं रीडिंग वर पाठवत होतो, एकदम व्यवस्थित, आणि त्याच लाइनच्या शेवटच्या टोकाहून पेशंट येतच राहिले. माणसं दोनच होती, क्लोरीन तपासायचं किट संपत आलेलं, भांड्यात बघा असं कुणी सांगितलंही नव्हतं, हे सगळं खरंय. पण टोकाच्या एका घरात जायला दहा मिनिटं लागली असती आणि मी गेलो नाही.

पेशंट नाहीत म्हणून थांबू नकोस. लागण झालेल्या बहुतेकांना काही होतच नाही, तरी १ ते १० दिवस त्यांच्या विष्ठेतून जंतू जात असतात. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत सलाइन संपलं तेव्हा डॉक्टर दिलीप महालनाबिसांनी मीठ-साखरेचं पाणी नातेवाइकांच्याच हातात दिलं, पेशंटला त्यांनीच पाजलं आणि हजारो जगले. क्लोरीनचंही तसंच कर, घरातल्या बाईला किटमधल्या पाण्याच्या रंगावरून क्लोरीन ओळखायला शिकव, किट तिच्या हातात दे.

सोमवारी लाइनच्या शेवटची पाच घरं निवड आणि भांड्यातले आकडे मला पाठव. टाकीचा पाठवू नकोस, मी बघणार नाही.