रात्रीचं ओलित, पहाटेचं ध्यान

प्रश्न : सर, मी २२ वर्षांचा. घरचं वावर पाहून तलाठी भरतीची तयारी करतो. आमच्या गावात पहाटे सामुदायिक ध्यान होते. आबाजी म्हणतात, रोज बसला तर बुद्धी तल्लख होते. मोबाइलवर पाह्यलं, की आठ आठवड्यांत मेंदूच वाढतो. दीड महिन्यापासून बसतो आहे. आठवड्यातून चार रात्री लाईट असते म्हणून ओलिताले जावं लागते, तरी ध्यान चुकवत नाही. पण पुस्तक उघडलं की पाच मिनिटांत डोकं संत्र्याच्या भावात. माझं काय चुकते?
– एक वाचक, ता. मोर्शी

उत्तर : ओलिताची ती ओळ तू सहज लिहून गेलास. मी तिथंच अडकलो. पण आधी मोबाइलवरचं पाहू.

ते अगदीच हवेतलं नाही. २०११ साली अमेरिकेत १६ जणांना आठ आठवडे ध्यान शिकवून एमआरआय काढले, तेव्हा हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या स्मरणशक्तीशी संबंधित भागात वाढ दिसली. बातमी जगभर फिरली. पुढं २०२२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी दोनशेहून जास्त लोकांवर तेच तपासलं, तर मेंदूच्या रचनेत फरक सापडला नाही. ही बातमी कोणी फॉरवर्ड करत नाही. सोळा झाडं पाहून अख्ख्या बागेचा सौदा तुझे वडील करतील का?

मग ध्यान बिनकामाचं का? तसंही नाही. २०१३ साली कॅलिफोर्नियात ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. दोन आठवडे काहींना ध्यान शिकवलं, बाकीच्यांना आहारशास्त्र. उतारा वाचून उत्तरं द्यायच्या परीक्षेत ध्यानवाल्यांचे गुण वाढले. ज्यांचं मन आधी फार भटकायचं, त्यांचं भटकणं कमी झालं, म्हणून वाढले. म्हणजे तुझ्यासारख्यांच्याच कामाची गोष्ट.

फक्त एक समज काढून टाक. ध्यानात मन पळतंच, आबाजींचंही पळत असेल. पळालं हे लक्षात येणं आणि श्वासावर परत आणणं, व्यायाम तेवढाच. डवरणीत बैल तासातून सरकला की कासरा ओढतो ना आपण? बैलावर चिडत उभे राहिलो तर पऱ्हाटीच मोडते.

आता ओलित. नोकरीत असताना मीही वर्षभर पहाटेच्या ध्यानाला बसायचो. पाठ ताठ, डोळे मिटलेले. एकदा शेजारचा कानाशी येऊन म्हणाला, "सर, समाधी नाही लागली जी, घोरून राहिले तुम्ही." आदल्या रात्री बारापर्यंत पेपर तपासले होते. दिवसा वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. ते काम ध्यान करून देत नाही, आणि जागरणानं जडावलेल्या डोक्याला एका जागी टिकणंही जमत नाही.

म्हणून ओलिताच्या रात्रीनंतर पहाटे झोप. आबाजी रागावले तर माझं नाव सांग. ध्यान दुपारी कर, पुस्तक उघडायच्या आधी दहा मिनिटं. श्वास एक ते दहा मोज, आकडा चुकला की पुन्हा एकपासून. मोबाइल दुसऱ्या खोलीत. सायंप्रार्थनेला मात्र जात राहा. तिथं संत्र्याच्या भावाची चिंता चार माणसांत बोलता येते, मग ती पुस्तकात कमी शिरते.

आणि परीक्षेआधीच्या महिन्यात दोन रात्री तरी मोटारीकडं वडील पाहतील का, ते आजच विचार.