प्रश्न तुमचे : इंग्रजीचा वर्ग, पण कुठून सुरू करू?

प्रश्न : बारावी झालेल्या, मराठी माध्यमाच्या मुलांसाठी कॉलेज रोडवर सुट्टीत इंग्रजीचा वर्ग काढतेय. मुलं दिंडोरी-निफाडकडची. पुढे सगळं इंग्रजीतून शिकायचंय. आधी व्याकरण घेऊ का?
– एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : ताई, व्याकरणाचं पुस्तक तूर्त कपाटात राहू द्या. काळ आणि प्रयोग मुलांनी शाळेत घोटलेत. अडतं ते पुढेच. बीएस्सीच्या पहिल्या वर्षातल्या एखाद्या मुलीची वही आणि प्रॅक्टिकलचं जर्नल मागून आणा. तिला काय ऐकावं, वाचावं, लिहावं लागतं ते पाहा. अभ्यासक्रम त्यातूनच काढा. कॉमर्सवाल्याची वही वेगळी निघेल, तीही पाहा.

रोज दहा मिनिटांचं व्याख्यान ऐकवा आणि टिपणं काढायला लावा. टिपणात मराठी मिसळली तर मिसळू द्या. मग लेखन. लासलगावच्या कांद्याचा लिलाव कसा होतो, हे पायरीपायरीने इंग्रजीत लिहायला सांगा. कांदा आणला जातो, बोली लावली जाते, वजन केलं जातं... कर्मणी प्रयोग आपोआप येतो, आणि प्रयोगवहीत तोच लागतो. तेव्हा उघडा ते कपाट!

शब्दांसाठी न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 सालची ‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’, म्हणजे अभ्यासाच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी, घ्या. तिच्यात 570 शब्दकुटुंबं, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट, आहेत. मात्र नेहमीचे दोनेक हजार शब्द त्यात मुद्दाम वगळलेत. तेच कच्चे असतील, तर यादीला हात लावू नका.

पालक आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचं विचारतील. परदेशी जायचं नसेल, तर मला तरी ती घाई वाटते.