आमच्या कुत्रीची शी आम्हीच का उचलायची?

प्रश्न : टिळकवाडीतील वीस फ्लॅटच्या इमारतीत आम्ही राहतो. आमची दीड वर्षाची लॅब्रॅडॉर कुत्री आहे. सकाळी आणि रात्री जेवणानंतर मी तिला मागच्या बोळात फिरवून आणतो. परवा सोसायटीच्या बैठकीत सगळेच माझ्यावर तुटून पडले : शी तुम्हीच उचलली पाहिजे. माझे म्हणणे असे की, गाईच्या शेणाने आपण अंगण सारवतो, तेच बागेला खत म्हणून घालतो, मग कुत्र्याचेच एवढे वावडे का? शिवाय बेळगावच्या पावसात सगळे धुऊन जाते, आणि बोळातल्या भटक्या कुत्र्यांचे कोण उचलते?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : शेणाचा मुद्दा तुम्ही काढलात हे बरे झाले, कारण तो पुष्कळांच्या मनात असतो आणि बोलून कोणी दाखवत नाही. शेणही काही निर्जंतुक नसते. पण गाय गवत आणि कडबा खाणारी, त्यामुळे तिच्या शेणात बहुतांशी न पचलेला चारा असतो आणि तो मातीत लवकर मिसळतो. कुत्रा मांस, अंडी, दूधपोळी असे सगळे खातो. त्याची विष्ठा कच्चीच झाडाच्या बुंध्याशी पडत राहिली तर खत होणे दूरच, तिथले गवत जळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कुत्र्याच्या आतड्यातले काही जंत माणसाच्या अंगात शिरतात. टॉक्सोकारा नावाच्या गोलकृमीची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा निरुपद्रवी असतात. मातीत दोन ते चार आठवडे राहिली की ती संसर्गक्षम होतात आणि पुढे कित्येक महिने, कधी कधी वर्षानुवर्षे, तशीच टिकतात. मातीत खेळून तोच हात तोंडात घालणाऱ्या मुलांना त्यांची बाधा होते, आणि क्वचित अळी डोळ्यात पोहोचून दृष्टीला कायमची इजा होते.

म्हणूनच पावसाचा तुमचा दाखला उलटा पडतो. पाऊस विष्ठा विरघळवतो, अंडी मारत नाही. बोळ स्वच्छ दिसू लागतो तेव्हाच तिथल्या मातीतला धोका पिकत असतो. अंकुशकृमी हा कुत्र्याच्या आतड्यातला दुसरा जंत; त्याच्या अळ्यांना तर ऊब आणि ओल दोन्ही हवी असतात, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्यांची चंगळच असते. अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायातून त्या कातडीत शिरतात आणि कातडीखाली नागमोडी, लाल, असह्य खाजणारी रेघ उठते. वाहून गेलेले पाणीही कुठे तरी जातेच. ते गटारातून नाल्यात जाते, आणि बळ्ळारी नाला फुगला की शहापूर, वडगावच्या शिवारात भाताच्या रोपांवरून कसले पाणी फिरते, हे तिथल्या शेतकऱ्यांना विचारावे.

पण माझा खरा आक्षेप रोगाबद्दलचा नाही. तुमच्या कुत्रीची शी आजही उचलली जातेच. फक्त ती तुम्ही उचलत नाही. आमच्या गल्लीत झाडायला येणाऱ्या पौरकार्मिक बाईंना मी रोज पाहतो. त्या आधी पदर नाकाला लावून कमरेला खोचतात, मग चिमूटभर माती टाकून पत्र्याच्या दोन तुकड्यांमध्ये ती घाण धरतात, आणि पत्रा गटाराच्या कडेला घासून पुढच्या घरासमोर जातात. कोणाच्या कुत्र्याची आहे हे त्यांना पक्के ठाऊक असते. त्या बोलत नाहीत, एवढेच. जो प्राणी आपण हौसेने आणला, ज्याच्यासाठी दरमहा खाण्याचा वेगळा खर्च करतो, त्याचे हे एक काम तेवढे दुसऱ्याच्या अंगावर टाकायचे, याचे समर्थन मला तरी करता येणार नाही.

भटक्या कुत्र्यांना मालक नाही. त्यांच्या नसबंदीची आणि लसीकरणाची जबाबदारी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे, आणि ते काम नीट होत नसेल तर महापालिकेकडे तक्रार जरूर करा. तुमच्या कुत्रीला मात्र मालक आहे.

उचलणे वाटते तितके किळसवाणे नाही. बसण्याआधी कुत्रे जागेवरच दोन-तीन गिरक्या घेते; तेवढ्यात वर्तमानपत्राचे दुहेरी पान खाली सरकवावे. घरी आणून शी संडासात टाकावी आणि कागद वेगळा गुंडाळून सुक्या-ओल्या कचऱ्यात न मिसळता गाडीवाल्याला तसे सांगून द्यावा. अंगण असेल तर हातभर खोल खड्डा चालतो, मात्र तो विहिरीपासून आणि भाजीच्या वाफ्यापासून लांब हवा, कारण आपल्याकडच्या जांभ्या दगडातून पाणी भराभर झिरपते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ती गटारात भिरकावणे हे न उचलण्यापेक्षाही वाईट. आणखी एक गोष्ट : मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंताचे औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याने द्यावे. ते चुकत असेल तर वरचे सगळे तुमच्या स्वतःच्या घरातल्या मुलांनाही लागू आहे.

प्रश्न : आमच्या गल्लीत मला शाळेत शिकवलेले सर राहतात. त्यांचा कुत्रा रोज पहाटे आमच्या दारात, मी सडा घालते तिथेच घाण करतो. सरांना कसे सांगावे, हे कळत नाही. काही शेजारी म्हणतात, कुत्रा पाळण्यावरच बंदी घालू.
— एक वाचक, शहापूर

उत्तर : बंदीचा विचार सोडून द्यावा. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रहिवाशांच्या संघटनेला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. मात्र मालकांनी सार्वजनिक जागेतील घाण स्वच्छ करावी, असेही त्याच सूचना सांगतात. हे वाक्य तुमच्या बाजूचे आहे, पण ते सरांसमोर वाचून दाखवू नका. गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो टाकणे तर टाळाच; त्याने माणूस दुखावतो आणि घाण तिथेच राहते. कुत्रा दारात बसलेला असताना बोलू नये, कारण त्या वेळी दोघेही ओशाळतात. संध्याकाळी घरी जावे, आणि सरांशी जीभ वळत नसेल तर काकूंशी बोलावे. ‘सर, उद्यापासून बरोबर एक कागद ठेवाल का? मी सडा घालते तिथे पाय पडतो,’ एवढे पुरे. निवृत्त शिक्षकाच्या घरात रद्दीला काही तोटा नसतो.